नावाचे डबे

१४ जून

रेणुका,

आशीर्वाद लिहू का नको, याच्यातच एक कागद खराब झाला. लिहिते. मोठी जाऊ हाये मी, तुनं मानलं नाई तरी.

आपलं बोलणं बंद हाये हे मी विसरली नाई. म्हणूनच लिहून राह्यली. लिहिणं म्हणजे काई बोलणं नव्हे. तुह्या पंकजच्या फोनवर लावलं तर लागतच नाई, तुनं त्याच्यात काईतरी करून ठेवलं असन. कागदाले तसं बंद करता येत नाई बाई. फाडायच्या आंधी एक ओळ तरी डोळ्याखालून जातेच.

तर गोष्ट अशी. आंगणातलं सासूबाईचं लिंबूचं झाड, जे माह्यामुळं वाळलं असं तुनं साऱ्या गल्लीले ओरडून सांगतलं होतं, त्याच्या बुडातून एक फांदी फुटली होती. मी कोणाले सांगतलं नाई. म्हटलं, नजर लागायची. दोन पावसाळे ते वाढली आन् ह्या उन्हाळ्यात तिले लिंबं लागली. हो बाई, लिंबं! तेच पातळ साल, तोच वास. एक कापलं तर मी चुलीपाशी बसून रडली, आता तुले काय सांगू. आन् मंग वैशाखातल्या वावधनात ते फांदीबी मोडली. आता झाड खरंच गेलं. हाती राह्यल्या बिया.

बी ओलंच लावा लागते, वाळलं की मेलं. वरचं पांढरं साल नखानं सोललं, तेलाचे लहान डबे कापले, शेणखत आन् रेती मिसळली आन् पेरलं. एकेका बीतून दोन-दोन कोंब! सासूबाई म्हणत ना, लिंबूच्या बीत जुळे असतात. पण जगायचं नाव नाई. वर आले का नाई आले, बुडाशी काळं पडे आन् सकाळी पाहा तर आडवे. मी वैतागली. मंग मातीवर चिमूट चिमूट हळद टाकली, तवा कुठं मर थांबली. आता बोटाएवढे झाले. रोज उठून पह्यलं तेच पाहते, चहा मंग.

इचार असा हाये. सासूबाईच्या झाडाची लिंबं ज्या ज्या घरी जात, त्या त्या घरी एक एक रोप द्यायचं. कोणाचं पित्त असो, कोणाची बाळंतीण असो, सारे आपल्याच दारात हात पसरत होते. आता लावा म्हणावं आपापल्या आंगणात, मले त्रास नको. कोणाचं कोणतं याच्यात घोळ नको म्हणून डब्या-डब्यावर चुन्यानं नाव लिहलं. बाबाराव. खुशाल. सरपंच. देवळाचा एक. अशी सारी गल्ली रांगेत उभी केली हाये मी आंगणात. नाव असलं की रोप वाढवाले जीव लागते.

तुह्या नावाचाबी एक हाये. हरखू नको. एक बी उरलं होतं म्हणून.

तुही मोठी जाऊ,
जयवंताबाई


६ जुलै

रेणुका,

जवाब आला नाई. मी वाट पाहत होती असं समजू नको. पोस्टमन दिसला म्हणून इचारलं, बस.

रोपं पिवळी पडली वो. पान सारं पिवळं आन् शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं पाणी खारं हाये, त्यानं होते. सासूबाईचं ध्यानात हाये ना, 'लिंबूले लोखंड पाजा लागते'? मोठ्या झाडाले मी खिळा ठोकला तो त्याच्यासाठीच, हे तुले तवाबी गळा फाडून सांगतलं होतं. ऐकते कोण? जाऊ दे. मी आता डब्या-डब्यात एक एक गंजका खिळा खुपसला. नवीन पान हिरवं येऊन राह्यलं. हे वाचून तोंड वाकडं केलं असन तुनं, माहीत हाये मले.

निंदणाले गेली की डबे दिवसभर तापतात. पाऊस यंदा धड नाई, येते आन् पळते. म्हणून डब्याखाली बशा ठेवल्या, सासूबाईच्या कपांच्या. कप फुटले, बशा राह्यल्या त्या. सकाळी बशी भरून ठेवली की रोप लागन तसं खालून पेते. चांगली युक्ती काढली ना? आन् वारं लागू नये म्हणून काड्या रोवल्या आन् लाल चिंध्यांनी बांधले. तुहं लाल लुगडं खुंटीवरच टाकून गेली होती तू, त्याच्याच चिंध्या. मागाले येशील तर मिळणार नाई.

खुशालची सपना रोज शाळेतून आली की दप्तर फेकते आन् डब्यापाशी उकिडवी बसते. तिचं रोप सगळ्यात ठेंगणं, म्हणून तिचा जीव वर-खाली. 'मोठीआजी, आज वाढलं का?' अवं, कालच पाह्यलं ना! लिंबूवर ते हिरवी अळी येते, काडी लावली की लाल शिंगं बाहेर काढते आन् घाण वास सोडते, ते तिले लय आवडते. मी मारते, ते वाचवते. असं चालू हाये.

बाबारावच्या डब्यातलं मात्र काई खरं नाई. तो नेहमीसारखा माह्या ओट्यावर बिडी ओढत बसला होता. मी चारचौघात म्हटलं, 'बाबारावभाऊ, तुमचं रोप माना टाकून राह्यलं पाहा, तुमच्यासारखंच. काई भरवसा नाई आता.' सारे हसले. तोबी हसला, खोकला येईपर्यंत हसला. म्हणे, 'जयवंते, मले घालवूनच राह्यशील तू.'

पंकजचा खोकला गेला का? ओव्याची पुरचुंडी छातीले लाव म्हणावं.

जयवंताबाई


२९ जुलै

रेणुका,

बाबाराव गेला.

ताप आला, अंग मोडून आलं, डोळे उघडेना. आदिलाबादले नेलं आन् गाडीतून आडवाच आणला. पिकला माणूस होता, दम्यानं आंधीच अर्धा झालेला. पण ओट्यावर त्याची जागा रिकामी दिसली की कसंतरी होते. शिव्या द्याले कोणी उरलं नाई.

त्याचं रोप त्याच्या आंधीच वाळलं होतं. मी डबा उचलून मागं ठेवून देला. कोणी पाह्यलं असन का? पाह्यलं तर पाह्यलं.

मी त्या दिवशी जे मजाकमधे बोलली ना, ते आता लोक आठवून राह्यले. तोंडावर कोणी म्हणत नाई. पण नळावर गेली की बाया घागर अर्धीच ठेवून बाजूले होतात. 'भरा मोठीमाय, तुमी आंधी भरा.' इतका मान मले आजपावतो ह्या गावात कोणी देला नव्हता. आंधी माह्याच घागरीले लाथ मारून पुढं घुसत होत्या ना साऱ्या! मी म्हटलं, काऊन गं, मी काई पाटलीण झाली का? कोणी हसलं नाई.

पानांवर नागअळी पडली. तुनं पाह्यली असन, पानाच्या आतून फिरते आन् चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ ओढत जाते. सपनानं पाह्यलं तर म्हणे, 'मोठीआजी, पानावर कोणं लिहलं?' मी म्हटलं, नागोबानं लिहलं. तुह्यासारख्या अभ्यास न करणाऱ्या पोट्टीचं नाव लिहून राह्यला. ते हसत हसत घरी गेली आन् मायले तसंच सांगतलं असन. सांजच्याले तिची माय आली, तिनं पोट्टीचा हात धरला आन् घेऊन गेली. 'अभ्यास हाये तिले,' म्हणे. तवापासून सपना आली नाई.

माहं तोंडच वाईट हाये, हे तू नेहमी म्हणत होती. घे, खुश हो.

बुधवारच्या बाजारात पल्याडच्या गावची ताराबाई दिसली. पिंपळाखाली बसून भाकर चहात भिजवून भिजवून खात होती. माह्याच वयाची हाये ते. तिच्यासोबत काय झालं ते तुले माहीत हाये, मी लिहत नाई. मी तिले गरम भजे देले, तर तिनं पदरात बांधले, खाल्ले नाई. उठताना माह्या हाताले धरून म्हणे, 'बाई, तुह्या घरी कोणी माणूस हाये का?' म्हटलं, आता नाई. नवरा गेला, लेकरू देवानं देलं नाई, एक जाऊ हाये ते तिकडं निर्मलले राह्यते. ते म्हणे, 'बोलाव तिले.' मी म्हटलं, कायले?

तिनं माहा हात सोडला. भजे घेऊन गेली.

जयवंताबाई


२४ ऑगस्ट

रेणुका,

ह्या वेळेस राग आला म्हणून लिहून राह्यली, प्रेमानं नाई.

परवा पोळा झाला. खुशालच्या जोडीचं पह्यलं दार दरवर्षी आपलं, तुले माहीत हाये. देवळापासून सुटली की सरळ आपल्या आंगणात. मी आंगण सारवलं, पाय धुवाले पाणी ठेवलं, पुरणाची पोळी परातीत काढली. घुंगरं ऐकू आली म्हणून दारात उभी राह्यली. तर खुशालनं कासरा ओढला आन् जोडी पल्याडच्या बाजूनं नेली. त्याचा पांढऱ्या तोंडाचा बैल थांबला आपल्या दारात. त्याले सवय ना! पुढं जायेना. खुशालनं त्याले तुतारीची आर टोचली. पोळ्याच्या दिवशी, रेणुका! पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी टोचते का?

मी पोळ्या तशाच झाकून ठेवल्या. काल गायीले घातल्या.

कारण आता कळलं. सपनाले ताप आला. तोच ताप, बाबारावसारखा. अंगावर लाल पुरळ, डोळ्यामागं दुखते म्हणून डोकं आपटते पोट्टी. दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या, आन् दुसरीकडून बेज्जूरकडचा एक जाणता भगतबी आणला. त्यानं तांदूळ पाह्यले आन् म्हणे, 'ज्या घरी झाड नाई पण लिंबू हाये, ते घर पाहा.'

मी वावरात होती. मी नसतानाच ते येऊन गेले. घरी येऊन पाहते तर फाटक उघडं, डबे इकडंतिकडं. खुशालच्या नावाचा डबा उंबऱ्यावर पालथा घातलेला. त्याच्यातला खिळा काढून वर ठेवलेला. रोप मुळासकट बाहेर, अजून हिरवं होतं ते.

मी तिथंच बाहेर उभी राहून माह्याच आंगणाकडं पाह्यलं. लिंबू. हळद. लाल चिंधी. खिळा. आन् वरून नाव. मलेच भेव वाटलं, रेणुका. म्हटलं, कोणा दुसरीच्या आंगणात मी हे पाह्यलं असतं तर मीबी पळाली असती.

मी खुशालच्या दारात गेली. म्हटलं, अरे बाबू, हळद मर रोगाले हाये, खिळा पिवळेपणाले हाये, माही सासूच शिकवून गेली साऱ्यांले. त्याच्या मायनं दार लोटून घेतलं. आतून आवाज आला, 'रेणुकानं सांगतलंच होतं. घरच्या बाईनं सांगतलं होतं, आमीच बहिरे झालो.'

आता ऐक तू. दोन वर्षांआंधी तू नळापाशी उभी राहून ओरडली होती, 'चेटकीण हाये हे! खिळा ठोकून झाड खाल्लं, नवरा खाल्ला, आता माह्या पंकजले खाईन!' पंकजले, ज्याले मी मांडीवर घेऊन झोपवलं. तवा लोक हसले. जावाजावांचं भांडण म्हणून सोडून देलं. तुनं टेम्पोत सामान भरलं, भांडीकुंडी नेली, पाटा नेला, वरवंटा नेला. तो शब्द नेला नाई. तो इथंच ठेवून गेली तू माह्यापाशी. आन् आता तो गल्लीत फिरून राह्यला.

मी तुले माफ केलं नाई, हे ध्यानात ठेव.

जयवंताबाई


११ सप्टेंबर

रेणुका,

मागच्या कागदात लय बोलली. आज राग नाई. आज एक गोष्ट सांगाची हाये, जे मी अजून कोणाले सांगतली नाई.

दवाखान्याची नर्स आली होती, तेलुगू पोट्टी हाये, घरोघरी पाण्याच्या टाक्या पाहत फिरत होती. माह्या घरी जाऊ नका असं तिले कोणी सांगतलं असन, पण ते आली. उरलेल्या डब्यांपाशी बसली, एक बशी उचलली आन् उजेडाकडं धरली. 'अम्मा, इकडं पाहा.' मी पाह्यलं. पाण्यात केसाएवढे किडे, वर-खाली, वर-खाली होऊन राह्यलेले. म्हणे, हे मच्छराचे पिल्लं. दिवसा चावते तो मच्छर. डेंगू त्याचाच.

तिनं साऱ्या बशा सांडल्या. खुशालच्या कूलरमधेबी होते म्हणे, उन्हाळ्यापासून पाणी काढलंच नाई त्यानं. सरपंचाच्या टाक्यातबी होते. मले समजावून सांगतलं, घाबरू नका, पण पाणी साचू देऊ नका. मंग तिची बस होती, गेली.

मी तिथंच बसून राह्यली. बाबाराव सकाळ-संध्याकाळ माह्या ओट्यावर बसे. सपना शाळेतून येऊन डब्यापाशीच उकिडवी बसे. करणी-बिरणी काई नसते, मी मारोतीची आण घेऊन सांगते. पण रेणुका, ते किडे माह्याच बशीत होते. मीच रोज भरून ठेवत होती, रोप जगावं म्हणून. खुशालच्या कूलरमधलाच मच्छर चावला असन, माह्या बशीतला नसनच, असं मी मनाले सांगते. मन ऐकत नाई.

सपनाले आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं हाये. रक्त पातळ झालं म्हणतात, हिरड्यांतून येते. मले जाऊ देत नाईत.

काल खुशाल आला. आत आला नाई, गल्लीतच उभा राह्यला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, बाबू, चहा घे. तो म्हणे, 'नको मोठीमाय.' ज्यानं माह्या चुलीपाशी बसून दूध-भाकर खाल्ली, तो नको म्हणे. मंग म्हणे, 'वीस तारखेले, शनिवारी, मारोतीपाशी बसायचं ठरलं. अवसेच्या आंधी काय ते मिटवायचं म्हणतात सारे. मोठीमाय, मले तुले काई करायचं नाई. रेणुकाकाकूले बोलाव. जिनं नाव घेतलं तिनंच नाव काढाव, असंच चालत आलं आपल्याकडं. पायरीवर हात ठेवून तिनं म्हणाव, मी रागात बोलली, माह्या जावेत तसं काई नाई. मी लोकांले तिथून उठवतो, वचन देतो. पण ते नाई आली तर मंग माह्या हातात काई नाई.' बोलता बोलता रडाले लागला. मले त्याचाबी राग येईना.

बशीचं त्याले सांगाव म्हणून मी तोंड उघडलं. पण काय सांगू? 'ताप माह्या डब्यातूनच आला असन' असं म्हटलं तर तो काय ऐकन? कबूल झाली म्हणन ना.

ताराबाईचं तुले माहीत हाये, मी लिहत नव्हती. आता लिहिते, लिहल्यानं भेव कमी होते का पाहते. तिचंबी असंच देवळापाशी बसून मिटवायचं ठरलं होतं. मिटवलं. मंतर नीट म्हणता येऊ नये म्हणून पकडीनं तिचे दात पाडले. भावकीतल्याच माणसांनी धरलं होतं तिले. समोरचे सारे दात.

पोलिसात जा म्हणशील. ते येतील, जीप उभी राहीन, समजावतील आन् जातील. रविवारी मी इथंच, अवस इथंच, लोक इथंच. आन् पळून गेली तर मंग खरीच होती म्हणतील, आन् सपनाले काई झालं तर जिथं असन तिथं येतील.

मी तुले बोलावून नाई राह्यली. खुशाल जे म्हणाला ते कळवलं.

जयवंताबाई


१८ सप्टेंबर, गुरुवार

रेणुका,

हा कागद पोस्टात टाकला नाई, करणच्या हाती देऊन राह्यली. तो उद्या भाजीचा टेम्पो घेऊन निर्मलले येते. कागदासंग तुह्या नावाचा डबा हाये. साऱ्यांत तेवढंच रोप जगलं, बाकीचे कोणी तुडवले, कोणी उपटले, देवळाचं मीच मेलेलं काढलं. तुहं जगलं, काय म्हणावं! करण कागद न्याले तयार झाला पण डब्याले हात लावेना. चांगला शिकलेला पोट्टा. मंग डबा पोत्यात गुंडाळून मीच टेम्पोत नेऊन ठेवला. तो मागं सरकून उभा राह्यला, माह्याकडं पाहेबी ना.

त्याच्यातला खिळा काढला हाये. हळद वरची मातीसकट काढली. चिंधी सोडून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलं. नाव पुसलं. कोणाचंच नाव कशावर लिहाव नाई, एवढं मी शिकली.

आज सकाळी खुशालच्या घरातून बायांचा आवाज आला, रडल्यासारखा. मंग एकदम बंद झाला. सपनाची काई खबर असन. मी फाटकापर्यंत गेली, पण कोणाले इचारू? समोरून येणारी माणसं वाट बदलतात. दुपारी देवळापाशी सतरंजी टाकून राह्यले होते. गुरुवारपासूनच.

मी ठरवलं हाये, शनिवारी बशीचं सांगणार. हो, सांगणार. नाई सांगतलं तर कूलरमधे, टाक्यात, ड्रमात पाणी तसंच राहीन, आन् हे सारे माह्याकडं बोट दाखवत बसतील आन् तिकडं आणखी एखादं लेकरू पडन. नर्सनं साऱ्यांच्या घरचं पाणी पाहून मले सांगतलं, ते मी नावानिशी सांगीन. पण तू नसशील तर ते अर्धंच ऐकतील. 'माह्या बशीत होतं' एवढं ऐकतील आन् उठतील. तू पायरीवर बोलली असशील तर मंग पुढचंबी ऐकतील. तुले समजलं ना मी काय म्हणते ते? तुह्याशिवाय माहं खरं बोलणंच माह्यावर उलटते.

आज दुपारी भाकर केली. तव्यावर जास्त वेळ ठेवून, कडक, तुले आवडे तशी. संग कांदा आन् भाजलेले शेंगदाणे घेतले. ओट्यावर बसून सावकाश खाल्ली. एक एक घास चावून चावून. शेंगदाण्याचा आवाज होत होता दातात, तो ऐकत बसली. इतकी चव मले बऱ्याच दिवसात आली नव्हती.

रेणुका, ये.

मोठी असून मी म्हणते, ये. मले भेव वाटून राह्यलं. शनिवारी पह्यल्या बसनं निघ, आदिलाबादले उतर, तिथून आपल्या गावची गाडी मिळते. आधारकार्ड संग ठेव, बायांले तिकीट लागत नाई. पंकजले आणू नको. मी तुले काई म्हणणार नाई, झाडाचंबी नाई, शब्दाचंबी नाई. घरी चहा पेऊ आन् दोघी मिळून देवळात जाऊ, जावा जातात तशा. पायरीवर हात ठेवायचा आन् दोन शब्द बोलायचे. मंग पाहिजे तर पुन्हा बोलणं बंद कर. मी कागद लिहणार नाई.

आन् नाई जमलं, तर रोपाले जप. एकदम कडक उन्हात ठेवू नको, आंधी सावलीत, मंग हळूहळू उन्हात. पानावर चांदीसारख्या वाकड्या रेघा दिसल्या तर भेऊ नको, अळी असते, तेवढं पान तोडून टाक. पिवळं पडलं तरी खिळा खुपसू नको. पाणी वरूनच घाल, माती वाळल्यावर, थोडंथोडं.

खाली बशी ठेवू नको.

जयवंता